छत्री गवताची टोकं दर उन्हाळ्यात करपतात? आधी टबाच्या तळाचं पाणी तपासा

फेब्रुवारी सरत आला की सुरू होतं. छत्रीच्या एखाद्या काडीचं टोक आधी फिकट पिवळं पडतं, आठवडाभरात गव्हाच्या काडासारखं तपकिरी होतं. मग शेजारची काडी, मग सगळी छत्री. एप्रिलपर्यंत हिरव्या गच्च झुडपाला वरून कुणी तवा टेकवल्यासारखं दिसायला लागतं. पाऊस पडला की नवे कोंब येतात, झाड दिवाळीपर्यंत देखणं राहतं आणि फेब्रुवारीत पुन्हा तेच. लातूरला आमच्या गच्चीवर मी हे सलग कितीतरी वर्षं पाहिलं. ओळखीपाळखीतल्या निदान चार-पाच घरांत हीच तक्रार ऐकली, आणि उत्तर सगळीकडे एकच मिळतं: ‘ऊन लई हाय, पाणी वाढवा.’ या उत्तरानंच माझं झाड वर्षानुवर्षं आजारी राहिलं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी झाड कोणतं ते सांगते. नर्सरीत याला अंब्रेला पाम म्हणतात, पण हा पाम नाही. खरं तर गवतही नाही. शेतात ज्याच्या नावानं सगळे कपाळाला हात लावतात त्या लव्हाळ्याच्या कुळातलं हे शोभेचं भावंड, सायपरस. दांडा दोन बोटांत धरून फिरवा, तीन धारा हाताला लागतात आणि आत पोकळी नसते. गवताचा दांडा गोल असतो, त्याला पेरं असतात आणि पेरांमध्ये बहुधा तो पोकळ असतो. छत्रीच्या ज्या हिरव्या काड्यांना आपण पानं म्हणतो ती फुलोऱ्याखालची पानं. दांड्याची खरी पानं बुडाशी नुसत्या आवरणासारखी उरलेली असतात. मूळ मुलूख आफ्रिका आणि मादागास्कर, तिथल्या नदीकाठच्या दलदलीतला.

हा नदीकाठ लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

आम्हाला झाड देणाऱ्या माळीमामांनी सांगितलं होतं, ‘ताई, हे पाण्यातलं झाड हाय. ह्याच्या बुडाचं पाणी हटू देऊ नका.’ मी शब्दशः पाळलं. वीस लिटरचा, तळाला भोक नसलेला प्लास्टिकचा टब आणला, काळी माती आणि शेणखत भरलं, झाड लावलं आणि मातीवर दोन बोटं पाणी कायम ठेवलं. टोकं करपली की पाणी वाढवायचं. तरी करपली तर खत कमी पडत असेल म्हणून १९:१९:१९ हे विद्राव्य खत पाण्यात विरघळवून द्यायचं. खतानंतर आठवडाभरात जळकी टोकं बोटभर खाली सरकायची आणि मी आणखी घाबरायचे. कडुनिंबाचं तेल फवारलं, हिरवी जाळी बांधली, टब पूर्वेच्या भिंतीला हलवला. जाळीनं थोडा फरक पडला, बाकी कशानं नाही.

खरं तर कारण मला २०१६ मध्येच दिसलं होतं, पण कळलं नाही. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. ज्या गावात लोक रात्री घागरी घेऊन रांगेत उभे आहेत तिथं शोभेच्या झाडाला पाणी घालायला मन धजेना. मी सगळ्या कुंड्यांचं पाणी तोडलं. छत्री गवत वाळून काड झालं, टबाला उन्हानं तडा गेला, आणि तो टब तसाच कोपऱ्यात पडून राहिला. पाऊस लागल्यावर त्याच वाळक्या गड्ड्यातून पेन्सिलीच्या टोकाएवढे तीन कोंब वर आले. मी तेव्हा अक्षरशः रडले होते. पण सांगायचं ते वेगळंच: पुढच्या २०१७ च्या उन्हाळ्यात त्या झाडाची टोकं जवळपास करपलीच नाहीत. मी म्हटलं, झाड आता इथल्या उन्हाला सरावलं. मग तडा गेलेला टब बरा दिसत नाही म्हणून चांगला जाड, धड टब आणला, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत टोकं पुन्हा करपायला लागली.

झाड उन्हाला सरावलं नव्हतं. तड्यातून पावसाचं पाणी टबातून आरपार जात होतं आणि जाताना टबातले क्षार धुऊन नेत होतं.

हे मला उमगलं ते कूलरमुळे. होळीच्या सुमारास कूलरचं जुनं गवत बदलायला काढलं तर त्यावर पांढरा, कडक थर. हातानं चोळला तर खडूसारखा भुगा. कूलर दिवसभर काय करतो? बोअरचं पाणी गवतावर सोडतो, वारा त्यातलं नुसतं पाणी उडवून नेतो, क्षार गवतावर बसतात. छत्री गवत नेमकं हेच करतं. मुळं पाणी ओढतात, पानं ते हवेत सोडतात, आणि जे उडत नाही ते मागे राहतं. काही टबात, काही पानाच्या टोकाशी, कारण पाण्याची वाट तिथं संपते. टोक सगळ्यात आधी करपतं ते म्हणून. उन्हाळ्यात जास्त करपतं ते उन्हानं भाजून कमी आणि ऊन वाढलं की पाणी जास्त उडतं, म्हणून जास्त.

मग टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, आणला. काहीशे रुपयांत मिळतो, पेनाएवढा असतो, पाण्यात बुडवला की लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार आहेत तो आकडा दाखवतो. आमच्या बोअरचा आकडा आला ११८०. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. त्या मानानं ११८० म्हणजे आपल्याकडच्या खोल बोअरला काही अजब नाही. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी, जे मी मोठ्या समाधानानं बादलीत धरून झाडांना घालत होते, ते निघालं १६४०. साहजिकच आहे, आरओ शुद्ध पाणी आपल्याला देतं आणि त्यातले क्षार उरलेल्या पाण्यात सोडतं. कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणी त्याहून वर. शेजारच्या काकू दर उन्हाळ्यात सांगायच्या, ‘अगं, कूलरचं पाणी फेकू नकोस, झाडांना घाल.’ त्यांच्या मनात पाण्याची काळजी होती, आणि लातूरकरांना ती असायलाच हवी, पण ते पाणी झाडाला विष होतं. फरशी पुसायला, संडासात ओतायला ते उत्तम. आणि शेवटी टबाच्या तळाचं पाणी नळीनं ओढून ग्लासात घेतलं, मीटर बुडवला. ५९००.

हिशोब अगदी सोपा आहे. लिटरमागे ११८० मिलिग्रॅम क्षार. मोठं झुडूप उन्हाळ्यात दिवसाला सहज दोन लिटर पाणी पितं, म्हणजे रोज सव्वादोन ग्रॅमच्या वर क्षार टबात आले. मार्चपासून पावसाला सुरुवात होईपर्यंतचे शंभर दिवस धरले तर २३६ ग्रॅम. पाव किलोला थोडं कमी. यातला कॅल्शियमचा बराच भाग चुन्यासारखा तळाला आणि काठाला बसून जातो, त्याचा फारसा उपद्रव नाही. पण सोडियम आणि क्लोराइड विरघळलेलेच राहतात आणि टब बंद असल्यामुळे जायला वाट नाही. मी वरून पाणी वाढवत होते म्हणजे क्षार वाढवत होते, आणि विद्राव्य खत हेही क्षारच. नदीकाठची दलदल ओली असते, पण तिथलं पाणी हलतं, नवं येतं, जुनं पुढे जातं. माळीमामांचं म्हणणं खोटं नव्हतं, अर्धं होतं. बुडाचं पाणी हटू द्यायचं नाही, पण बदलत राहायचं.

आता उपाय

टबाच्या बाजूला, तळापासून बोटभर वर, गरम सळईनं किंवा ड्रिलनं एक भोक पाडा आणि त्याला घट्ट बूच बसवा. मी लाकडाचं बूच सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बसवलंय, थेंबभर गळत नाही. आतल्या बाजूनं भोकासमोर खापराचा तुकडा आडवा ठेवा, नाहीतर मातीनं बुजतं. टब आधीच भरलेला असेल तरी हे जमतं, थोडी माती उकरून बूच बसवायचं आणि पुन्हा लोटायची.

मग आठवड्यातून एक वार ठरवा. आरोग्य विभागाचे लोक डेंग्यूसाठी पाळायला सांगतात तो कोरडा दिवस यासाठी अगदी योग्य. मातीवर दोन बोटं साचलेलं पाणी म्हणजे डासांना आवतणच. डासाची अंडी ते डास हा प्रवास उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत होतो, त्यामुळे आठवड्याला टब रिकामा झाला की अळ्याही गेल्या आणि क्षारही. बूच काढायचं, सगळं पाणी निथळू द्यायचं, वरून सावकाश आणखी अर्धी बादली ओतायची, तीही निथळली की बूच लावून ताजं पाणी भरायचं. निघालेलं पाणी दुसऱ्या कुंडीत अजिबात ओतू नका.

इथं सगळे एक प्रश्न विचारतात, मलाही पडला होता: पाणी मुळातच मचूळ, मग त्यानंच धुऊन काय उपयोग? उपयोग आहे. टबात ५९०० आहेत, ओतताय ते ११८०. कितीही धुतलं तरी ११८० च्या खाली येणार नाही हे खरं, पण दीड-दोन हजारापर्यंत येतं आणि छत्री गवत तेवढ्यात तगतं. माझं तगलंय. पहिली धुलाई मात्र मोठी करावी लागते: टबात जेवढं मावतं त्याच्या दुप्पट पाणी, दोन-तीन टप्प्यांत, मध्ये तासाभराचा अवकाश देऊन. ती भर उन्हाळ्यात करू नका. पाणी तुटवड्याचं असताना चाळीस लिटर एका झाडाला ओतणं पटणारं नाही आणि त्याची गरजही नाही, कारण हे काम पावसाळा फुकट करतो. जूनमध्ये बूच काढून टब उघड्यावर ठेवा आणि पितृपक्षापर्यंत बूच लावूच नका. पावसात खंड पडला तर तेवढं पाणी घालायचं. मराठवाड्याचा पाऊस बेभरवशाचा, तरी एका टबातले क्षार धुऊन काढण्याएवढा पडतोच.

पावसाचं पाणी धरून ठेवता आलं तर उत्तमच. १०० चौरस फुटांच्या पत्र्यावर नुसता १० मिलिमीटर पाऊस झाला तरी नव्वद लिटरच्या आसपास पाणी मिळतं. पहिल्या पावसाची धूळ वाहून जाऊ द्यायची, मग झाकणाच्या पिंपात धरायचं. घरात एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी सोन्यासारखं आहे. हवेतली वाफ थंड होऊन बनलेलं, माझ्या मीटरवर ३० च्या आत. एकाच घरात कूलरचं पाणी झाडाला मारक आणि एसीचं तारक, हे मला अजून नवल वाटतं. एप्रिल-मेमध्ये तीन दिवस बोअरचं आणि एक दिवस एसीचं असं आलटून पालटून घातलं तरी फरक दिसतो.

आणखी एक गोष्ट, जी मी सगळ्यात उशिरा शिकले. फेब्रुवारीच्या मध्यावर झुडपातले एक तृतीयांश जुने दांडे बुडातून कापून टाका. छत्र्या कमी झाल्या की पाणी कमी उडतं, पाणी कमी लागलं की क्षार कमी येतात. हात धजत नाही, कारण झुडूप विरळ दिसतं. पण एप्रिलमध्ये शेजारच्या न कापलेल्या झाडाशी तुलना करून बघा.

जळकी टोकं कात्रीनं काढताना हिरव्यापर्यंत कापू नका, सुतभर तपकिरी कडा राहू द्या. हिरव्यावर कात्री लागली की तिथून पुन्हा वाळायला सुरुवात होते. करपलेलं टोक परत हिरवं होत नाही, त्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे जुन्या छत्र्यांवरून ठरवू नका. नव्या कोंबांकडे बघा; ते उमलून महिना झाला आणि टोकं शाबूत असतील तर काम झालं.

हे क्षारांचं दुखणं नसेल तर?

सगळी तपकिरी टोकं एका कारणाची नसतात. टबाच्या काठाला पांढरा थर नाही, मीटरचा आकडाही बेताचा आहे, तरी झाड बिघडतंय, असं असेल तर कुठून सुरुवात झाली ते बघा. फक्त पश्चिमेकडची बाजू भाजली असेल तर ती झळ आहे. तापलेली भिंत आणि दुपारचा वारा. जागा बदला किंवा जाळी बांधा, इथं जाळी खरंच उपयोगी पडते. टोकाऐवजी सगळ्या काडीवर बारीक फिकट ठिपके आणि काड्यांच्या बेचक्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा असेल तर लाल कोळी. पांढरा कागद खाली धरून छत्री झटका, कागदावर लाल-तपकिरी ठिपके चालताना दिसतील. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं काड्यांची खालची बाजू तीन-चार दिवस धुतली तर बहुतेक वेळा औषध लागत नाही. लागलंच तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब, सूर्य कलल्यावर.

नवे कोंबच पिवळट-पांढुरके निघत असतील आणि जुने हिरवे असतील तर ते लोह मिळत नसल्याचं लक्षण. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतं, पण अशा विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या मातीत ते मुळांना उचलता येत नाही. चुनखडीच्या रानात ऊस पिवळा पडतो तो याचमुळे. दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, मागताना ईडीडीएचए प्रकारचं मागा. ईडीटीए स्वस्त असतं, पण आपल्या मातीत ते फार टिकत नाही, त्याची फवारणीच बरी.

सगळं झुडूप दाटीवाटीनं वाढलंय, मधला भाग वाळलाय आणि नुसत्या कडेनं कोंब येताहेत, तर टब मुळांनी गच्च भरलाय. पावसाच्या सुरुवातीला गड्डा बाहेर काढा, विळ्यानं चार फाका करा, मधली म्हातारी फाक टाकून द्या. भरायला नुसती काळी माती वापरू नका. निम्मी माती, पाव हिस्सा जाड वाळू, पाव हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती निथळत नाही, आणि निथळली नाही तर बूच असून नसल्यासारखं. शेतातली माती आणणार असाल तर आधी चाळून घ्या. नागरमोथ्याची एक गाठ आली तरी वर्षात टबात त्याचंच राज्य होतं, आणि कोवळा असताना तो छत्री गवताच्या पिलासारखाच दिसतो, तोही तीनधारीच. ओळख गाठीवरून: उपटून बघा, मुळाला काळपट गाठ असेल आणि चुरडल्यावर औषधी वास आला तर तो मोथा. छत्री गवताला अशा सुट्या गाठी नसतात, आडवा जाडसर कंद असतो. नुसता वरून ओढून तोडला तर खालची गाठ पुन्हा फुटते, त्यामुळे माती ओली करून गाठीसकट काढायचा.

याच कुळातलं पिवळ्या पट्ट्यांचं, बुटकं कॅरेक्स आता नर्सऱ्यांमधून आपल्याकडेही यायला लागलंय. दिसायला मोहक. पण ते जपानच्या थंड, सावलीच्या जंगलातलं, त्याला आपला मे सोसत नाही. मी दोनदा आणलं, दोन्ही वेळा पाडवा पाहिला, अक्षय तृतीया नाही. त्यावर पैसे घालू नका असंच मी सांगेन. कागदासाठी प्रसिद्ध असलेलं नाईलकाठचं पपायरस मात्र मोठ्या हौदात, वारा अडवलेल्या जागी छान येतं. पाण्याचा नियम त्यालाही हाच.

झाड फार खालावलं असेल आणि वाचेल की नाही अशी धाकधूक असेल तर आधी त्याची पिलं करून ठेवा. निरोगी छत्री निवडून बोटभर दांडा ठेवून कापा. काड्या कात्रीनं निम्म्या छाटा. मग ती उलटी करा, दांडा वर आणि छत्री खाली, आणि काचेच्या ग्लासात पाण्यावर ठेवा. निसर्गात दांडा वाकून छत्री पाण्याला टेकली की जे होतं तेच इथं होतं. खिडकीशी, थेट ऊन नको. दोन-तीन आठवड्यांत मधल्या बेचक्यातून पांढऱ्या मुळ्या सुटतात, मागोमाग हिरवा कोंब वर वळतो. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला आणि ते एसीचं किंवा पावसाचं घ्या. बोअरच्या पाण्यात माझ्याकडे मुळ्या फुटल्या, पण त्यांची टोकं काळी पडली. मुळ्या बोटाच्या पेराएवढ्या झाल्या की मातीत. या वर्षी मी सहा ग्लास लावले होते. त्यातली दोन पिलं शेजारच्या काकूंकडे गेली आहेत, बूच बसवलेल्या टबात.